कांद्यांखालचं पिवळं विमान

"हळू दाब रे बापा. मशीन हाय ते, म्हैस दोहून नाही राहिला तू."

मित्रांनो, हा आवाज ऐकून कितीतरी वर्षं झाली, पण दुपारी घर शांत झालं की तो अजून माझ्या फळ्यांमध्ये घुमतो. तो कांताबाईंचा आवाज. आणि ज्याच्यासाठी त्या भल्याभल्यांना दटावत, तो मी. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्या मोबाइलमध्ये बोटभर जागेत मावतो तसला नव्हे. मी कपाटाएवढा उंच, प्लायवूडच्या अंगाचा, काचेच्या एकाच मोठ्या डोळ्याचा. माझ्या छातीवर एक दांडी आहे, दांडीला लाल गोळा. पोटात नाणं पडलं की माझा डोळा उघडतो आणि निळ्या ढगांतून एक पिवळं विमान बाहेर निघतं.

मला घडवलं रायपूरच्या दयाराम सुताराने. मला एकट्याला नाही हं. एकाच थप्पीतल्या फळ्या कापून त्याने आम्हां दोघांना उभं केलं, मला आणि माझ्या भावाला. तेच विमान, तीच लाल दांडी. रंग वाळेपर्यंत आम्ही पाठीला पाठ लावून उभे होतो. मग भाऊ हातगाडीवरून गोल बाज़ारातल्या गेम पार्लरकडे गेला आणि मी टेम्पोत बसून बीरगांवला. तिथून पुढे त्याची-माझी गाठ पडली नाही.

बीरगांव म्हणजे कारखान्यांचं गाव. कांताबाई गोंदियाकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. त्यांचं चहाचं हॉटेल होतं: एक भट्टी, थोडी बाकं, आणि भिंतीशी मी. माझ्यापुढे पोरं कमी आणि बाप्ये जास्त. पाळी सुटली की काजळीने माखलेल्या हातांचे कामगार यायचे आणि विमान पडलं की लहान मुलासारखे हट्ट धरायचे, "दाई, एक बेर अउ." कांताबाई म्हणायच्या, "अउ नाही न् बिउ नाही, घरी बायको भात घेऊन बसली असन." आणि तरी आणखी एक डाव खेळू द्यायच्या. कपबश्या विसळता विसळता त्यांनी माझ्यावर एक ओवीही रचली होती:

इमान गं माह्या दारी, त्याले पंख ना गं वारा,
बसल्या जागी दाखवते, आभाळाचा तारा तारा.

आता सांगा, माझ्यासारख्या लाकडाच्या खोक्याला ओवीत बसवणारं माणूस कुठे मिळतं?

बीरगांवच्या हवेत लोखंडाची बारीक काळी भुकटी असते. माझ्या आवाजाच्या भोंग्यामागे, म्हणजे स्पीकरमागे, एक लोहचुंबक आहे. ती भुकटी येई आणि त्याला चिकटून बसे. होता होता माझ्या पोटात एक छान काळी दाढी वाढली. ही दाढी लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे ती माझ्याच गळ्याशी येणार आहे.

मग दिवस पालटले. कामगारांच्या खिशात मोबाइल आले. माझ्यापुढची गर्दी विरळ झाली, मग संपली. एके दिवशी कांताबाईंनी माझी तार काढली, पाठीवर हात फिरवला आणि मला मागच्या खोलीत सरकवलं. माझ्या अंगावर कांद्याची पोती चढली. जिथे नाणी पडायची तिथे एक कोंबडी अंडी घालू लागली. खरं सांगू, तिची पिल्लं पोटात चिवचिवायची तेव्हा मला बरंच वाटायचं. पण डोळा बंद तो बंद. आभाळ कसं असतं तेही मी विसरत चाललो होतो.

अशात एकदा बीरगांवला कामगारांचे डोळे तपासायचं शिबिर भरलं. तपासायला रायपूरचे चष्मेवाले शिशिर आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात टॉर्च. चहा प्यायला कांताबाईंकडे आले आणि हात धुवायला म्हणून मागे डोकावले. पोत्यांमधून माझ्या दांडीचा लाल गोळा तेवढा बाहेर दिसत होता.

"मावशी, हे लाल काय आहे?"

"कांदे हायेत," कांताबाई म्हणाल्या. मग हसल्या. "पहिले गेम होता. आता कांदे राह्यते त्यात."

शिशिरने त्या शर्टानिशी पोती ओढली. केसांत कांद्याची सालं, पण तोंडावर असं हसू, की जणू जत्रेत हरवलेलं माणूस सापडलं. "हा गोल बाज़ारातल्या पार्लरचा का हो? मी न् ताई यावरच खेळायचो."

"नाही रे भैया. कोरा होता तईपासून माह्याचपाशी हाय."

नेमका तेव्हाच कारखान्याचा भोंगा वाजला. लांबलचक, कान भरून टाकणारा. शिशिरने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तो माझ्या दांडीवर हात ठेवून नुसता उभा होता.

"मावशी, मला द्याल?"

"पैसे नको काढू. कांद्याले एक कपाट आणून दे, अन् याले ने." आणि मी टेम्पोत चढलो तेव्हा, "हळू दाबजो बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांशी नेत आत गेल्या.

असा मी, शिशिरच्या आयुष्यातली पहिली जुनी मशीन, त्याच्या गॅरेजात आलो. त्याने मला उघडलं, पुसलं, तुटलेल्या तारा जोडल्या. कोंबडीची पिसं काढली. चुंबकापाशी आला, ती काळी दाढी पाहून थांबला, आणि तेवढी मात्र तशीच ठेवली. विसरला असेल, मला वाटलं. मग बटण दाबलं. ढग आले, आणि पिवळं विमान पहिल्याच झटक्यात उडालं. शिशिर टाळ्या पिटत अंगणात धावला.

"एवढ्यासाठी आपली गाडी उन्हात उभी का?" त्याची बायको चित्रा म्हणाली. पण माझ्या डोक्यावर ऊब असते हे तिने लगेच हेरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या बिजौरीचं, म्हणजे तिळाच्या सांडग्यांचं, ताट माझ्या डोक्यावर वाळू लागलं.

मग धमतरीहून गंधालीताई यायची ठरली, शिशिरची थोरली बहीण. तिला त्याने फोनवरच सांगून टाकलं होतं, "ताई, आपलाच गेम सापडला." तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला शिशिर चित्राला जुनी गोष्ट सांगत होता. आई दोरा आणायला गोल बाज़ारात पाठवायची, आणि ही भावंडं वाकडी वाट करून पार्लरमध्ये शिरायची. ताई आपल्या कपाळाची टिकली काढून मशीनच्या उजव्या कोपऱ्यावर चिकटवायची, "आता हा आपल्याले पाडणार नाही," म्हणायची, आणि मग आपली पाळी शिशिरलाच द्यायची. टिकल्यांच्या डिंकाने त्या कोपऱ्याचा रंगच उडाला होता म्हणे.

मित्रांनो, हे तर माझ्या भावाबद्दल बोलत होते.

ताई आली. चपला काढून, देवळात जावं तशी माझ्यापुढे उभी राहिली. तिची बोटं सरळ माझ्या उजव्या कोपऱ्यावर गेली. चाचपडली. तिथे रंग शाबूत होता. बोटं तिथेच थांबली. तिने वळून शिशिरकडे पाहिलं. तो पहिल्या नंबराचा निकाल हातात घेऊन उभा असल्यासारखा हसत होता.

"हाच तो," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक भीती घर करून बसली. मला इथे माझ्या भावाच्या नावाने आणलंय. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी माझं काय? परत कांदे?

इकडे शिशिरला नाद लागला तो लागलाच. दर रविवारी टॉर्च आणि पेचकस घेऊन तो निघायचा. दुर्गच्या जत्रेवाल्याकडून एक मशीन आली, राजनांदगांवच्या बंद पडलेल्या टॉकीजमधून एक. दुकानात गिऱ्हाईक अक्षरं वाचत बसलेलं आणि शिशिर फोनवर, "पडदा शाबूत आहे ना? मग भिजू देऊ नका." गल्लीत त्याचं नाव 'कबाडी चष्मेवाले' पडलं. संध्याकाळी मात्र तीच गल्ली आमच्यापुढे रांग लावायची आणि गॅरेज टिवटिव, ढुमढुम आवाजांनी भरून जायचं. किती मजेचे दिवस ते.

"आता एखादी स्वयंपाकघरात आणा," चित्रा म्हणायची, "पोळ्या लाटायले." शेवटी तिने हुकूमच काढला. गॅरेजात सुई मावत नाही. यापुढे एक आली, तर एक जाईल.

आणि तेव्हाच यशदीप उगवला. नवा रायपूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला, जुन्या मशीनांचा तसाच वेडा. त्याच्याकडे मोटारीची मशीन होती, बसायला खरी सीट, हातात खरं स्टिअरिंग. शिशिर तिच्यासाठी झुरत होता. यशदीपला बदल्यात फक्त पिवळं विमान हवं होतं.

"भैया, दे दो ना. कब से बोल रहा हूँ."

"दुसरं काही माग, यशदीप. हा माझ्या लहानपणचा आहे."

बघा, मला घरात ठेवणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि तीच खरी नव्हती.

खंडेनवमी आली. चित्राच्या घरी त्या दिवशी कामाच्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं. शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, शिशिरची भिंगांची पेटी. दरवर्षी ताट घेऊन ती गॅरेजच्या दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. "तुमची कपाटं काम कुठं करतात? खेळतात नुसती." ताई सणाला आली होती. यशदीपही आला. सकाळपासून माझा आवाज खरखरत होता, म्हणून त्याने हौसेने माझी पाठ उघडली.

"अरे बाप रे. भैया, इसको तो दाढ़ी है." त्याने चुंबकावर बोट फिरवून काळं बोट सगळ्यांना दाखवलं. "ये तो लोहे का बुरादा है. ऐसी धूल बीरगांव तरफ की फैक्टरियों में उड़ती है. गोल बाज़ार में तो कपड़ा-बर्तन बिकता है. इतना सारा बरसों में जमता है भैया. ये वहाँ का नहीं है."

दुर्गची मशीनसुद्धा टिवटिवायची थांबली, असं मला वाटलं.

"म्हणजे हा तो नाही?" चित्राने विचारलं.

शिशिर खाली पाहत राहिला. बोलली ती ताई. "नाहीच आहे. मले पहिल्याच दिवशी समजलं. टिकल्यांची खूणच नव्हती."

"मग बोलली काहून नाहीस?" शिशिरने विचारलं.

"तुह्या तोंडावरचा आनंद पाहून. पण मले एक सांग, लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधणारा तू, तुले नाही दिसलं?"

शिशिर म्हणाला, "ताई, आपला तो गेम मी कॉलेजात असताना कबाडीकडे फुटताना पाहिला होता. तरी बीरगांवले हा दिसला तं वेड्यासारखं विचारून बसलो, तोच का म्हणून. तुले सांगायची हिंमतच नाही झाली. तू दर वेळी विचारायची, कुठं असेल रे आपलं विमान."

असा मला माझ्या भावाचा पत्ता लागला, मित्रांनो. ताईने डोळे पुसले, आणि मग भावाच्या डोक्यात एक टपली मारली. "एवढी वर्षं पोटात ठेवलं, पोट्ट्या?" दोघंही हसायला लागली.

"तो फिर भैया," यशदीप हळूच म्हणाला, "अब तो दे दोगे ना?"

शिशिर काही बोलायच्या आत चित्रा ताट घेऊन पुढे झाली. दारातून परत फिरली नाही. तिने माझ्या लाल गोळ्याला हळद लावली, कुंकू लावलं. "कारखान्यातल्या थकल्याभागल्या लोकायले ज्यानं हसवलं, त्यानं काम नाही तर काय केलं?" ती म्हणाली. "अन् माह्या बिजौरीचं ताट कोणाच्या डोक्यावर ठेवू? त्या मोटारीच्या?" ताईने कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या उजव्या कोपऱ्यावर दाबून बसवली.

यशदीपने हात जोडले. "हव भाभी, समझ गया." आणि तो मुकाट्याने जेवायला गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. कधीतरी तिच्यावरची धूळ पुसा. ती आधी कोणापाशी होती, कोणाच्या उपयोगी पडली, हे घरातल्यांना विचारा. पण ती दुसऱ्या कोणासारखी आहे का, हे बघू नका. ती जशी आहे तशी तिला हाताळा, आणि जरा हळू दाबा.

त्या दुपारी सगळे जेवायला बसले होते. शिशिर एकटाच गॅरेजात आला. त्याने माझी दाढी तशीच ठेवून पाठीची फळी लावली, एकेक स्क्रू आवळला. मग समोर येऊन दांडीवर हात ठेवला, त्या दिवशी बीरगांवला ठेवला होता तसाच.

"भोंगा वाजत होता," तो म्हणाला, "पण मावशीचं बोलणं मले ऐकू आलं होतं. मी तुलेच आणलं होतं."