लुटण्याच्या लायकीचा माणूस

परक्या मुलखात माणसाच्या चारित्र्याची खरी कसोटी लागते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. त्या शहरात राहणाऱ्या मराठी मंडळींचा अनुभव मात्र असा, की चारित्र्याची पाळी येण्याआधीच खिशाची येऊन जाते.

तिथे आपली म्हणावीत अशी बरीच घरं होती आणि लुटलं गेलं नाही असं त्यांतलं एकही नव्हतं. कुणाच्या कोटावर मागून सॉस उडाला, पुसायला दोन सज्जन धावले, आणि कोटाबरोबर खिसाही स्वच्छ झाला. कुणाला पुलावर एका बाईने पायाशी पडलेली सोन्याची अंगठी "तुमचीच ना?" म्हणून उचलून दिली आणि प्रामाणिकपणाचं बक्षीस मागून घेतलं. ती अंगठी आठवडाभरात हिरवी पडली. एका डॉक्टरीणबाईंना साध्या वेशातल्या पोलिसाने खोट्या नोटा तपासायच्या म्हणून पर्स मागितली. बाई हुशार, त्यांनी आधी पावती मागितली. ती त्याने दिली. पावती अजून त्यांच्याकडे आहे.

होता होता लुटलं जाणं ही तिथे लाज राहिली नाही, ज्येष्ठता झाली. तिथल्या मराठी मंडळाच्या महिन्याच्या बैठकीत नुसता मोबाईल गेलेला माणूस खुर्च्या मांडायचा, पाकीट गेलेला चहापाशी उभा राहून सल्ले द्यायचा, आणि पासपोर्ट गेलेल्यांची पुढे एक वेगळी रांगच होती. अध्यक्षांचे तर रात्रीच्या गाडीत झोपेत पायातले बूट काढून नेले होते. त्यांच्याविरुद्ध निवडणुकीला कुणी उभं राहत नसे.

या गोतावळ्यात ज्याच्या खिशाला आजवर परका हात लागला नव्हता असा एकच गृहस्थ होता. त्याला सगळे दातवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवून देणाऱ्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. मेणाचा साचा, त्यावर पांढऱ्या भुकटीचे थर, मग भट्टी, आणि शेवटी शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवणं, हे शेवटचं काम त्याच्याइतकं चोख तिथल्या कुणालाच जमत नसे. नव्याने आलेल्या मंडळींपुढे दर वर्षी त्याचं भाषण ठेवत आणि तो दर वर्षी एकाच वाक्याने सुरुवात करी, की खोटं बनवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे खोटं मला लांबून ओळखू येतं. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, त्याला जाड रबर गुंडाळा म्हणजे ते कापडाला धरून राहतं, आणि त्याउपर दातांची तार घेऊन पाकीट पट्ट्याला बांधा. तार तो फुकट वाटत असे. मंडळी तार घेत, घरी नेत आणि लुटली जात.

दातवाल्याचा संसार सुखाचा होता, म्हणजे थोरल्या साडूंचं विमान उतरेपर्यंत होता.

साडू जकात नाक्यावर निरीक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. ट्रक वळणावर दिसला की नुसत्या त्याच्या बसण्यावरून गोणपाटाखाली काय आहे ते आपण सांगत असू, असं ते सांगत. ते खरंही असावं, कारण माणसांकडेही ते तसेच बघत. सासरच्या सगळ्या समारंभांत मधली खुर्ची त्यांची आणि तिच्या डावीकडची दातवाल्याची, हा क्रम लग्नापासून ठरून गेला होता. परदेशात घर घेतल्यावर तरी खुर्ची सरकेल असं दातवाल्याला वाटलं होतं. ती सरकली नव्हती.

आल्या दिवशी जेवताना त्याने साडूंना आणि मेहुणीला आपला विक्रम सांगितला. रबर दाखवलं, तार दाखवली, कुणाकुणाचं काय गेलं ते सविस्तर ऐकवलं. साडूंनी घास गिळला, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "साडूबुवा, एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला लुटावं असं आजवर कुणाला वाटलं तरी होतं का?"

दातवाला म्हणाला, म्हणजे काय?

"नाही, आम्ही नाक्यावर रिकाम्या ट्रकाला कधी हात दाखवला नाही, म्हणून म्हटलं."

दोघी बहिणी हसल्या. थोरली हसली ते ठीक, नवऱ्याचा विनोद होता. पण दातवाल्याची स्वतःची बायकोही हसली, आणि बहिणीपेक्षा जरा जास्त वेळ हसली. ते दातवाल्याच्या जिव्हारी लागलं. आठवडाभराने साडू परत जाणार, तिकडे गेल्यावर हा रिकाम्या ट्रकाचा किस्सा मेहुण्यांपासून आत्तेसासूपर्यंत सगळ्यांना सांगणार, आणि मग पुढच्या प्रत्येक लग्नात आपण पानावर बसलो की समोरचा गालातल्या गालात हसणार, हे त्याला ताटातल्या मिठाइतकं स्पष्ट दिसलं. इतक्या वर्षांचा विक्रम एका वाक्यात नालायकीचा दाखला झाला होता. आता उपाय एकच होता. लुटलं जायला हवं होतं, निदान तसा कुणी प्रामाणिक प्रयत्न तरी करायला हवा होता, आणि तोही साडूंच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो साडूंना शहर दाखवायला घेऊन निघाला. लोक पाहुण्यांना किल्ले आणि बागा दाखवतात. याने अंगठीवाल्यांचा पूल दाखवला. पूल ओलांडताना त्याने चाल मुद्दाम सैल सोडली आणि चेहऱ्यावर नवखेपणा आणला. अंगठीवाली बाई कठड्याला टेकून उभी होती. तिने दातवाल्याला येताना पाहिलं, जांभई दिली, तो पुढे गेल्यावर खाली वाकली आणि अंगठी साडूंपुढे धरली. साडूंनी तिच्याकडे नाक्यावरच्या नजरेने पाहिलं. बाईने अंगठी निमूट परत खिशात टाकली, पण जाताना त्यांना मान लववून गेली.

"एका धंद्यातली माणसं," साडू म्हणाले. "ओळख पटते."

मग चौक झाला. तिथे खोट्या अर्जांवर सह्या घेता घेता पिशव्या हलक्या करणाऱ्या मुली असत. दातवाला पेन हातात घेऊनच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मुलींनी त्याला वळसा घातला. त्याने शहराचा नकाशा उलटा धरला, ज्या शहरातल्या ट्रामची वेळापत्रकं त्याला तोंडपाठ होती त्याचा. गळ्यात कॅमेरा अडकवला. बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेला आणि कपाटातून कधी न निघालेला भारी कोट घातला. रोज संध्याकाळी तो आणि साडू थकून घरी येत आणि साडू बूट काढता काढता दोघी बहिणींना फक्त एवढंच सांगत, "आजही नाही."

सगळ्यात वर्मी लागलं ते बाजाराच्या तोंडाशी. तिथे ज्याचं नाव घेतलं तरी मंडळातली माणसं खिसे चाचपत असा एक उंच इसम उभा असे. डॉक्टरीणबाईंना पावती देणारा तो हाच, असं म्हणत. दातवाल्याने भारी कोट सावरत त्याला मुद्दाम रस्ता विचारला. त्या माणसाने रस्ता सांगितला, बरोबर सांगितला. वर कोपऱ्यापर्यंत सोबत आला आणि निरोप घेताना आपुलकीने म्हणाला, "जरा जपून बरं का, इथे चोर फार."

साडूंना तिथली भाषा येत नव्हती. दातवाल्याने भाषांतर करून सांगितलं नाही. पण त्या माणसाने त्याच्या खांद्यावर ज्या मायेने थोपटलं, त्याला भाषांतर लागत नव्हतं.

त्या रात्री बायको त्याला म्हणाली, "अहो, सोडा ना आता. नाही लुटलं तर नाही लुटलं. लोक देवाचे आभार मानतात."

"तू हसलीस," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

साडूंचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा दातवाल्याने निर्वाणीचा विचार केला होता. त्याने पट्ट्याची तार सोडली, रबर काढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाकीट मागच्या खिशात ठेवलं, तेही अर्धं बाहेर डोकावेल असं. कचेऱ्या सुटायच्या वेळी स्टेशनवरून येणारी ट्राम निवडली. त्या ट्रामची कीर्ती अशी होती की मंडळातली माणसं त्या वेळी चालत जाणं पसंत करत. साडूंनी आपण होऊन पहारा पत्करला. दातवाला पुढे दांडीला धरून उभा, आणि मागे साडू, नजर त्याच्या मागच्या खिशावर रोखलेली. गाडी वळण घेई तसे सगळे एकमेकांवर कलंडत. एका थांब्यावर एक बाबागाडी दोघांच्या मध्ये घुसली, मागोमाग तिची आई, आजी आणि चारपाच माणसं चढली, आणि साडूंना खिसा दिसेनासा झाला. माना वळवून वळवून ते बघत राहिले.

घराच्या थांब्यावर उतरल्यावर दातवाल्याने हात मागे नेला. खिसा रिकामा होता.

त्याच्या चेहऱ्याचा रंग आधी उडाला, कारण माणूस तो माणूसच. मग तो रंग सावकाश परत आला आणि नेहमीपेक्षा दोन छटा वर चढला. त्याने खिसा उलटा करून अस्तर साडूंना दाखवलं. एखाद्याने मुलाचा पहिला नंबर दाखवावा तसं. "काही जाणवलं नाही," तो म्हणाला. "नखाएवढं जाणवलं नाही. साधासुधा हात नाही हा, साडूभाऊ."

साडूंनी आपला उजवा खिसा चाचपला. मग डावा. मग कोटाचा आतला. आयुष्यभर दुसऱ्यांची गोणपाटं उचकणारा तो माणूस भर रस्त्यात स्वतःचेच सगळे खिसे उचकत उभा राहिला.

त्यांचंही गेलं होतं.

पोलीस चौकीत टंकणाऱ्या हवालदाराने न बघता विचारलं, हरवलं की चोरलं? काही जाणवलं नसेल तर आम्ही हरवलं असं लिहितो, विम्याला चालतं. दातवाला खुर्चीतून उठलाच. त्याने ठणकावून सांगितलं, की चोरलं असंच लिहा. न जाणवणं हाच चोरीचा पुरावा आहे. मी रोज खोटे दात बनवतो आणि ते तोंडात आहेत हे न जाणवणं यालाच कारागिरी म्हणतात. हवालदाराने त्याच्याकडे प्रथमच मान वर करून पाहिलं आणि चोरलं असं लिहिलं. साडूंच्या वेळी त्याने विचारलंही नाही. दोन्ही चोऱ्या एकाच टोळीने केल्या असाव्यात असं दातवाल्याने सुचवलं, आणि बाहेर आल्यावर साडूंना ते समजावून सांगितलं. टोळी मुळात आली होती आपल्यासाठी. नियोजन सगळं आपल्यावर होतं, बाबागाडीसुद्धा. साडू बिचारे आपल्या शेजारी उभे म्हणून ओघात सापडले. "मोठ्या झाडाखाली उभं राहिलं की असं होतं," तो म्हणाला, आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

त्या संध्याकाळी मंडळाची बैठक होती. बातमी दोघांच्या आधी पोचली होती. दातवाला आत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आपल्या शेजारची पुढची खुर्ची सरकवून दिली. अध्यक्षांनी, ज्यांनी आजवर त्याच्याशी फक्त तारेपुरताच संबंध ठेवला होता, त्याला उभं राहून मिठी मारली. दातवाल्याने हकीगत सांगितली. पहिल्यांदा सांगताना चोर दोन होते. चहानंतर पुन्हा सांगायचा आग्रह झाला तेव्हा चार झाले, आणि आजीही त्यांच्यातलीच निघाली. तोवर त्याची बायको भिंतीशी उभी होती. या घरातला माणूस कधी फसला नाही याचा तिला इतकी वर्षं आत कुठेतरी अभिमान होताच, पण तो बायकांत बोलून दाखवण्यासारखा नव्हता. आज चारचौघी तिला विचारत होत्या, कसं हो झालं? आणि ती सांगत होती, न हसता.

साडूंनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. नाक्यावर असताना त्यांच्या तोंडून कुणाची स्तुती निघाल्याचं ऐकिवात नव्हतं. ते म्हणाले, "मी यांना रिकामा ट्रक म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. इतकी माणसं ज्याच्यासाठी खपतात तो माणूस साधा नव्हे." आणि ते बसले, दातवाल्याच्या डावीकडच्या खुर्चीवर.

पहाटे त्यांचं विमान गेलं. विमानतळावर बायकोच्या थोरल्या बहिणीने दातवाल्याला वाकून नमस्कार करता करता स्वतःला आवरलं, नात्यात तो धाकटा होता म्हणून. विमानात बसण्याआधीच साडूंनी सगळ्या नातेवाइकांना हकीगत कळवली आणि दुपारपर्यंत आत्तेसासूचा फोनही येऊन गेला.

दातवाला प्रयोगशाळेत एका पुढच्या दाताचा रंग जुळवत होता तेव्हा पुन्हा फोन वाजला. ट्राम डेपोतल्या हरवले-सापडले खिडकीवरच्या बाई बोलत होत्या. काल रात्री गाडी झाडताना सीटखाली एक पाकीट मिळालं, आत तुमचं कार्ड आहे, नंबर त्यावरच होता, पैसे आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे, ओळखपत्र घेऊन या आणि सही करून न्या, असं त्या म्हणाल्या.

दातवाल्याने दात ट्रेमध्ये ठेवला. मग त्याने विचारलं, की तिथेच आसपास आणखी एक पाकीट मिळालं का, तपकिरी, जुनं, जकात खात्याचं चिन्ह असलेलं.

बाईंनी पेटी उघडून पाहिली. नाही म्हणाल्या. ते चोरीला गेलं असेल.