माझ्या पोटातला कापूस

मी एक जुना पार्का आहे. पार्का म्हणजे मांडीपर्यंत येणारे, पाठीला टोपी जोडलेले, बर्फात घालायचे जाड जॅकेट. सध्या माझा मुक्काम दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतातल्या खोलीत, फवारणीच्या पंपाशेजारच्या खुंटीला आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, जिथे उन्हाळ्यात कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, तिथे बर्फातल्या जॅकेटचे काय काम? तुमचा संशय रास्त आहे. मला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आधी संशयच घेतला आहे, आणि त्यांच्याकडून मीही तो शिकलो.

माझा जन्म अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यातला, तोही मे महिन्यातला. बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ झाले होते. आत दीपमाला नावाची बाई कपाळाचा घाम पुसत माझ्या बाह्या शिवत होती. बर्फ तिने फक्त उसाच्या रसात पाहिला होता. माझ्या पोटात कापसासारखे दिसणारे पांढरे कृत्रिम तंतू भरले. वजन जवळजवळ काहीच नाही, पण त्या तंतूंच्या जाळीत हवा अडकून राहते, आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही ती हवा. हे मला कारखान्यातल्या तपासनिसामुळे कळले. तो नव्या मुलींना ते रोज सांगायचा.

याच तपासनिसाने मला उलटा केला, चेन दहा वेळा ओढली आणि माझ्या टोपीवर बोट ठेवले.

"शिलाई वाकडी हाये."

"साहेब, डोक्यावर टोपी घेतल्यावर मागची शिलाई कोणाले दिसन?" दीपमाला म्हणाली.

"मले दिसली ना?"

मला लाल खूण लागली. माझ्यासोबतचे सगळे पार्के परदेशी गेले, मी मागे राहिलो. शिलाई खरोखर वाकडी आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्या माणसाला एकही चूक सापडली नव्हती, हेही मी पाहिले होते.

नाकारलेल्या मालाच्या गठ्ठ्यातून मी अमरावतीत मनोजच्या दुकानात आलो. मनोजने लाल खूण काढून टाकली आणि माझ्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवली. तिच्यावर लिहिले होते, 'उणे चाळीसपर्यंत उबदार'. हे कोणी मोजले होते? कोणीही नाही. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो.

दुकानात माझे कौतुक झाले, पण ते फोटोपुरते. कॉलेजची पोरे मला अंगात घालत, टोपी ओढत, फोटो काढत आणि घामाघूम होऊन परत लटकवत. पुढे तेही थांबले. मला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून वर ठेवले गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझा एक आख्खा पावसाळा गेला.

दिवाळीच्या तोंडावर एक कुटुंब दुकानात आले. किसनराव हे दर्यापूरकडचे कापूस पिकवणारे शेतकरी. त्यांची बायको पार्वताबाई, आणि मुलगी पौर्णिमा. पौर्णिमाने स्थापत्य शाखेची पदविका घेतली होती. लडाखात एका बोगद्याच्या कामावर तिला मोजणीची नोकरी लागली होती. तिथे हिवाळ्यात पारा उणे पंचवीसपर्यंत उतरतो. तिला तिपाईवरच्या यंत्रामागे तासन्‌तास उघड्यावर उभे राहायचे होते.

मनोजने मला खाली काढले आणि बोलायला सुरुवात केली. "ताई, हे घालून तुमी फ्रीजमंधी झोपा. उणे चाळीस! टॅगवर लिवलं हाये."

"भाऊ, मी टॅग नाही घालणार, जॅकेट घालणार," पौर्णिमा म्हणाली.

तिने मला अंगात घातले आणि मग जी तपासणी केली तशी कारखान्यातही झाली नव्हती. आधी तिने आत जाड स्वेटर घालून पाहिला, जागा उरते का म्हणून. दोन्ही हात यंत्राला लावल्यासारखे वर उचलले आणि पाहिले, कंबर उघडी पडते का, मनगट बाहेर येते का. जाड हातमोजे चढवून चेन ओढली. चेनमधून वारा आत शिरू नये म्हणून पट्टी आहे का, तेही पाहिले. टोपी घालून मान दोन्हीकडे वळवली. काही टोप्या माणसाबरोबर वळत नाहीत, आणि मग माणूस टोपीच्या आतच पाहत बसतो. शेवटी आतल्या खिशात मोबाइल टाकून पाहिला. थंडीत बॅटरी लवकर उतरते, ती अंगाशी ठेवावी लागते, असे तिने आईला सांगितले.

"टोपीची शिलाई वाकडी हाये," ती म्हणाली.

"फॅशन हाये ते, ताई."

"फॅशन दोन्ही बाजूनं वाकडी असते, भाऊ."

तरी तिने मला निवडले. पार्वताबाईंचा जीव मात्र शेजारच्या चकचकीत, जड कोटात अडकला होता. "पौर्णिमा, हे त कागदावानी हाये व. त्याले पाय, कसं गोधडीवानी वजनदार!"

किसनराव पुढे आले. त्यांनी मला तळहातावर घेतले आणि हात वरखाली केला. मला ते तोलणे आवडले नाही.

घरी आल्यावर त्यांनी तोंड उघडले, तेही पौर्णिमा घरात नसताना. ती नोकरीसाठी लागणाऱ्या तब्येतीच्या तपासणीला दोन-तीन दिवस अमरावतीला गेली होती. किसनरावांनी मला पिशवीत घातले आणि गावातल्या शिंप्याकडे, उत्तमरावांकडे, नेले.

"याचं पोट फाडून दाखव."

"नवं जॅकेट हाये, किसनभाऊ. काहून नास करता?"

"वर चांगलं अन् खाली काय, हे पाहाच लागते."

अस्तराची शिवण उसवली. किसनरावांनी माझ्या पोटातले तंतू मूठभर काढले, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणले आणि काडी लावली. ते कापसासारखे जळून राख झाले नाहीत, वितळले. त्यांचा काळा गोळा झाला.

"पाय! प्लास्टिक! माह्या पोरीले प्लास्टिकमंधी गुंडाळून पाठवू का बर्फात?"

मित्रांनो, तेव्हा मला हा माणूस दुष्ट वाटला. माझे सगळे पोट त्यांनी बाहेर काढले आणि रस्त्याकडेला पेटवून दिले. पण पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. त्या दिवशी वेचलेला कापूस घरात देवाजवळ ठेवतात, बाजारात नेत नाहीत. पार्वताबाईंनी तो कापूस मांडीवर घेतला आणि एकेक सरकी बोटांनी काढली. गादीवाल्याने तो पिंजला. उत्तमरावांनी तो माझ्या पोटात भरून शिवण घातली. एवढा पांढरा, एवढा स्वच्छ कापूस कोणत्याही गादीत गेला नसेल. मी जड झालो. खरे सांगायचे तर मला थोडा रुबाबही वाटला.

पौर्णिमा परतली. तिने मला उचलले आणि तिचा हात तिथेच थांबला.

"बाबा, याचं काय केलं तुमी?"

"काही नाही. सुधारलं."

"काय सुधारलं?"

"आता घरचं हाये आतमंधी," पार्वताबाई म्हणाल्या. "सीतादहीचा कापूस हाये, पोरी. तुह्या बापानं..."

"माय, कापूस घाम पेते. तिथं ओलं झालं की वाळत नाही. अंगावर बर्फ बांधल्यावानी होते. माणूस मरते त्याच्यानं."

किसनराव उठले. "आमच्या आज्यापंज्यापासून कापसाच्या रजईत झोपलो. मेलं का कोणी? जाशीन त हेच घालून जाशीन. नाही त जाऊच नको."

गाडी चारच दिवसांवर होती. त्या क्षणी माझा संशय पक्का झाला. मला वाटले, यांना थंडीची काळजी नाहीच. यांना पोरगी जायलाच नको आहे, आणि माझ्या पोटात कापूस नाही, अडसर भरला आहे. पौर्णिमालाही तेच वाटले असावे, कारण तिने वडिलांकडे फार वेळ रोखून पाहिले. ती मात्र रडली नाही आणि भांडलीही नाही.

"ठीक हाये," ती म्हणाली. "उद्या अकोल्याले चला. हे तुमीच घाला."

पार्वताबाईंचा भाचा योगेश अकोल्याच्या एमआयडीसीत आइस्क्रीमच्या गोदामावर देखरेखीला आहे. तिथल्या मोठ्या खोलीत उणे वीस तापमान असते. योगेशने दार उघडले तेव्हा पांढरी वाफ बाहेर आली आणि किसनराव दचकून एक पाऊल मागे सरले.

"मामाजी, भेव वाटलं का?"

"कायचं भेव? उघड."

मी किसनरावांच्या अंगावर होतो. पौर्णिमा गोदामातले जाड जॅकेट घालून शेजारी होती. पहिली काही मिनिटे किसनराव खुशीत होते.

"पाय! भट्टीवानी गरम हाये! म्हणत होतो ना?"

"हो बाबा. आता खोकी उचला."

"काहून?"

"मले तिथं तिपाई, यंत्र, पेट्या उचलून चढावर न्या लागन. तुमी खोकी न्या."

योगेशने दाखवलेली खोकी किसनराव एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नेऊ लागले. शेतातला माणूस तो, काम दिसले की हात आखडत नाहीत. त्यांना घाम आला. तो घाम मी पीत होतो. मला थांबता येत नव्हते, कापसाला पिण्यावाचून दुसरे येत नाही.

"बस," पौर्णिमा म्हणाली. "आता इथं उभे राहा. हात वर, यंत्र धरल्यावानी. हलायचं नाही."

"किती वेळ?"

"मले तिथं उभं राहा लागन तितका."

किसनराव उभे राहिले. मित्रांनो, त्यांच्या पाठीशी मी होतो, म्हणून काय झाले ते मला नेमके माहीत आहे. ऊब आधी पाठीतून गेली. मग काखेतून. कापूस अंगाला चिकटून बसला आणि त्यातली हवा गेली. त्यांचे दात एकमेकांवर आपटू लागले, तेव्हा त्यांनी जबडा घट्ट आवळला, आवाज होऊ नये म्हणून. योगेश पुढे झाला, पौर्णिमाने त्याला हाताने थांबवले. पण तिचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता.

मग किसनरावांनी वर धरलेला उजवा हात खाली आणला. चेन थोडी उघडली आणि हात माझ्या आत, काखेपाशी, खोल घातला. बाजारात कापसाची गाडी लागली की व्यापारी असाच हात ढिगात खोल घालतो. वरचा कापूस तो पाहतच नाही. खालची मूठ दाबतो आणि एकच शब्द बोलतो. त्या शब्दावर भाव पडतो, आणि शेतकऱ्याचे काही चालत नाही. किसनरावांनी तो शब्द आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता.

त्यांनी अस्तरावरून कापूस मुठीत दाबला. बराच वेळ दाबून धरला.

"ओलावा," ते म्हणाले.

योगेशने दार उघडले. बाहेर अकोल्याचे ऊन होते. किसनराव उन्हात उभे राहिले तरी बराच वेळ कापत होते. पौर्णिमाने त्यांच्या अंगावरून मला काढले आणि आपली ओढणी त्यांच्या पाठीवर टाकली.

"दुसरं पाय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुहं तू निवडजो. मी हात नाही लावत."

दुसऱ्या दिवशी तिने मनोजच्या दुकानातून दुसरा पार्का घेतला, माझ्यासारखाच हलका. किसनराव दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसले होते. ती गेली. बर्फ पाहण्यासाठी शिवलेला मी मात्र मागे राहिलो.

आता मी हिवाळ्यात किसनरावांच्या अंगावर असतो. हरभऱ्याच्या राखणीला बसल्या जागी घाम येत नाही, आणि इथल्या थंडीपुरता सीतादहीचा कापूस उत्तम चालतो. लोक हसतात, "किसनराव, लंडनले चालले काय?" म्हणतात. ते माझी टोपी डोक्यावर ओढून घेतात.

डिसेंबरात एका सकाळी पौर्णिमाचा व्हिडिओ फोन आला. तिच्या मागे सगळे पांढरे होते, आणि टोपीच्या कडेवर श्वास गोठला होता. ती नुकतीच यंत्र खांद्यावरून उतरवून उभी राहिली होती. पार्वताबाई जेवणाचे विचारू लागल्या. किसनरावांनी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"आत हात घाल," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"काखेत. खोल घाल. मूठ दाब."

आवाज अगदी कोरडा होता, व्यापाऱ्यासारखा. पण मी त्यांच्या छातीवर होतो, आणि ती छाती आतून माझ्यावर आपटत होती. माझ्या इतक्या दिवसांच्या संशयाला तिथे उत्तर मिळाले. पोरीला अडवू पाहणाऱ्या माणसाची छाती तिच्या उत्तरासाठी अशी धडधडत नाही.

पौर्णिमाने हातमोजा काढला. हात आत घातला. मूठ दाबली.

"कोरडं हाये, बाबा."

मित्रांनो, कपडा घेताना संशय जरूर घ्या. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, गोड बोलणाऱ्यावर ठेवू नका, माझ्या रुबाबावर तर मुळीच ठेवू नका. पण ज्याला तो घालून उभे राहायचे आहे, त्यालाच हात वर करून पाहू द्या, मान वळवू द्या, निवडू द्या. आणि तुमच्या मायेने आत काही भरायचे ठरवले, तर आधी ते स्वतः अंगात घालून थंडीत उभे राहा. किसनराव राहिले होते, म्हणून पौर्णिमाचा पार्का आज कोरडा आहे.