लाल दिवा विझेपर्यंत

पहिला अर्धा तास मंजूषाला वाटत राहिले, दोष कॅमेऱ्याचाच आहे.

जवाहर चौकातल्या एका दुकानातून तिने तो जुना घेतला होता. नवशिक्यांसाठीचा, तेरा वर्षांचा, परक्या हातांच्या घामाने रबर गुळगुळीत झालेला. "चेहरे खींचने हैं ना? ये पचास वाला लेंस लगाइए और छह फुट दूर खड़ी रहिए," दुकानदार म्हणाला होता, "बाकी चेहरा खुद बोलेगा." महिनाभर तिने आईचे, दूधवाल्याचे, आरशातल्या स्वतःचे फोटो काढले. एकही चेहरा बोलला नव्हता. आज शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, मंजूषाच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या विनिताला स्थळाकडे पाठवायला फोटो हवा होता. मंजूषाचे हे पहिलेच खरे काम.

विनिता खिडकीशी बसली होती. गजांतून आलेले ऊन तिच्या गालावर उभ्या पट्ट्यांनी पडले होते. चेहऱ्यावर नेम साधला की कॅमेरा बारीक 'टिक' करी, आणि नेमके तेव्हाच तिचे डोळे मिटत. एकवीस फोटो, एकवीस मिटलेले चेहरे.

"जुना आहे गं, वेळेवर चालत नाही," आवाज बंद करत मंजूषा म्हणाली.

"माझ्याहून बरा, मंजूताई. त्याला गप्प करायला नुसतं बटण दाबावं लागतं."

मंजूषा हसली. मग हनुवटी किंचित वर करावी म्हणून तिने हात पुढे नेला, आणि विनिताने दोन्ही कोपरांनी डोके झाकून घेतले. घाईने नव्हे, पदर सावरावा इतक्या सरावाने. कॅमेरा वेळेवरच चालत होता.

"तुझा भाऊ? शैलूदादा?" मंजूषाने विचारले.

"खाली आवाज येतच असतील तुम्हाला."

"आई म्हणते, फर्निचर सरकवतात."

"मीच ते फर्निचर." विनिताने कोपरे खाली घेतली. "एकदा पोलिसांत गेले होते. म्हणाले, सबूत क्या है. तेव्हापासून तो जपून मारतो. झाकलं जाईल तिथे."

जिन्यावर बूट वाजले. मंडीदीपच्या कारखान्यातून पाळी संपवून शैलेंद्र आत आला, डबा टेबलावर आपटला आणि कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यात डोकावला.

"आंधळी म्हणून पाठवायची का हिला?"

"पुन्हा काढते, शैलूदादा."

"काढ. मी धरतो."

त्याने बहिणीचे केस मुठीत धरून चेहरा वर ओढला. "उघड डोळे!" पहिली थप्पड बसली तेव्हा मंजूषाचे बोट कॅमेऱ्याच्या कळीवर होते, आणि ते तिथेच गोठले. दाबलेले बोट सुटेना. कॅमेरा खटखट खटखट उघडझाप करत राहिला. दुसरी थप्पड. मग डोके गजांवर, एकदा, दोनदा. फुटलेल्या ओठातले रक्त उन्हाच्या पट्ट्यांवर उडाले.

खटखट थांबली.

"काय काढलंस तू?"

कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल दिवा लुकलुकत होता. यंत्र म्हातारे; इतकी चित्रे कार्डावर उतरवायला त्याला वेळ लागे, आणि दिवा विझण्याआधी कार्ड निघाले तर हाती काहीच उरत नसे. मंजूषा कॅमेरा पोटाशी धरून जमिनीवर आडवी झाली. पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी पाठीच्या कण्यावर. श्वास फाटला. काखेच्या अंधारात तो लाल ठिपका उघडत होता, मिटत होता, उघडत होता. जग तेवढ्या एका ठिणगीएवढे उरले होते. वरून काहीतरी कडाडले. विनिताने तिपाई उचलून भावाच्या पाठीत घातली होती.

दिवा विझला.

मंजूषाने झाकण उघडले, कार्ड उडाले, आणि त्याच्यामागे गेलेल्या तिच्या मनगटावर बूट पडला. हाड मोडल्याचा आवाज तिला दातांत ऐकू आला. शैलेंद्र वाकेपर्यंत विनिताने कार्ड टिपले आणि तोंडात टाकले.

"थुंक! थुंक ते!"

त्याने एका हाताने तिचा गळा आवळला, दुसऱ्या हाताची बोटे जबड्यात खुपसू लागला. तिचा चेहरा काळानिळा पडत गेला. पण या वेळी डोळे मिटले नाहीत. ते भावावर रोखलेले, कोरडे, सताड उघडे होते. जबडा हलला नाही.

मंजूषाने डाव्या हाताने पट्टा धरला आणि कॅमेरा गरकन फिरवून त्याच्या कानशिलावर हाणला. लेन्स फुटली. तो गुडघ्यांवर आला तरी तिने पुन्हा हाणला, आणि त्या दुसऱ्या घावात कसलीशी गोडी होती, जिची तिला पुढे कित्येक दिवस भीती वाटणार होती.

दाराला बाहेरून कडी घालून दोघी जिना उतरल्या. मागे दार धडधडत होते. मजल्यामजल्यावर दारे किलकिली झाली. कुणी काही विचारले नाही.

पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीने मान वर न करता रजिस्टर ओढले.

"नाम?"

विनिता बोलली नाही. वाटभर ती बोलली नव्हती. मुन्शीने त्रासून वर पाहिले आणि त्याचे पेन थांबले. ती वाकली, आणि कोऱ्या पानावर तिने लाळेने आणि रक्ताने माखलेले, नखाएवढे कार्ड थुंकले.

"पहले ये देखिए," ती म्हणाली. "फिर नाम लिखिए. विनिता."