बारा नंबरचं बंद दार

हर्षालीने चौकोनात ‘ब’ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं.

‘ब’ म्हणजे बंद. ख्रिस्ती मंडळीचा कागद साधा असे. डावीकडे घराचा नंबर, उजवीकडे खूण. बोलणं झालं तर बरोबरची खूण, ‘नको’ म्हणाले तर ‘न’, कुलूप असलं तर ‘ब’. ‘न’च्या दारात वर्षभर कुणी जायचं नाही, ‘ब’च्या दारात पुन्हा जायचं. रविवारी सकाळी दोघी-दोघींनी निघायचं आणि इमारतीतलं एकही दार न गाळता सुवार्ता सांगायची, एवढाच नियम.

बारा नंबरच्या दाराला कुलूप नव्हतं. दारावर प्रफुल्ल सरांच्या नावाची पाटी होती, खाली त्यांचे कंपनीचे बूट होते, आणि जिन्यातल्या बोर्डावर बारा नंबरच्या मीटरचा लाल दिवा दर सेकंदाला लुकलुकत होता. नुसत्या फ्रिजवर तो इतक्या घाईने लुकलुकत नाही. आत इस्त्री नाहीतर गिझर चालू होता.

अंबडच्या एका कारखान्यात हर्षाली सहा वर्षं मोजमापाची उपकरणं तपासत होती. मायक्रोमीटर शून्यावर शून्य दाखवतो का, हे बघण्यातच तिचा दिवस जाई. स्वतः न पाहिलेलं रीडिंग तिने आजवर लिहिलं नव्हतं. आज तिने पाहिलं एक आणि लिहिलं दुसरंच.

“काय गं, बारा नंबर?” खालच्या मजल्यावरून तिच्या जोडीच्या कुसाबाईंनी विचारलं. त्यांचे गुडघे दोन जिन्यांच्या वर चढू देत नसत.

“बंद आहे, मावशी.”

प्रफुल्ल सर तिचे साहेब, आणि तिच्याच गावचे, देवळ्याचे. शाळेत तिच्या काकांबरोबर एका बाकावर बसलेले. ही नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. गेल्याच आठवड्यात ते कॅन्टीनमध्ये म्हणाले होते, “रविवारी बेल वाजवतात ना ते पुस्तकवाले, त्यांना एकदा माझ्याकडे पाठवा रे. असं घासून परत करतो की गंज राहायचा नाही!” सगळे हसले होते. हर्षालीही हसली होती. घरी देवळ्याला तिने रविवारचा ओव्हरटाइम सांगितला होता. दीड वर्षापासून ती प्रार्थनेला जाते, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. बारा नंबरची बेल वाजली की दुपारच्या जेवणाआधी ते आईच्या कानावर जाणार होतं.

खाली पाथर्डी फाट्याच्या टपरीवर कुसाबाईंनी दोन चहा सांगितले. हर्षालीने कागदाची घडी घातली, उलगडली. चहावर साय धरली तरी तिने घोट घेतला नाही.

“मावशी, आपण का जातो हो घरोघर?”

“आता इचारतेस? दीड वर्सानं?”

“खरंच सांगा. लोक वैतागतात. त्यांची सुट्टी असते, अंघोळी व्हायच्या असतात. कुणी बोलावलेलं नसतं आपल्याला.”

कुसाबाईंनी बशीत चहा ओतला. “आमच्या पेठकडं उन्हाळ्यात टँकर यायचा. यायचा तो थेट विहिरीत पाणी ओतून जायचा. पोरी असताना आमचं कामच ते. टँकर दिसला की पळायचं, दारादारात वरडायचं. निजलेला माणूस शिव्या द्यायचा. कुणी म्हणायचं, आमचं भरलंय. म्हणू दे. हंडा आणायचा का नाय, ते त्यानं बघावं. पर सांगायचंच ऱ्हायलं, तर?”

“पाणी दिसतं, मावशी. मोजता येतं. हे कुठे मोजता येतं?”

“नाय येत,” कुसाबाई सहज म्हणाल्या. “म्हणून तर पायानं जावं लागतं.”

हर्षालीला हे उत्तर पूर्ण पटलं नाही. तिने कागद पुन्हा उघडला. तेवीस घरं, सहा ‘ब’. त्यातले पाच खरे.

“बारा नंबर बंद नव्हतं,” ती म्हणाली.

“ठावं हाय. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. कुलपातली डाळ कोण शिजवतंय?”

“मग बोलला का नाहीत?”

“तूपण अशीच बंद व्हतीस की. सात येळा.”

“मी?”

“सिडकोतल्या त्या खोलीत. दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसायचे. हालायचे बी नाय. मी आपली दाराशी बोलून जायची.”

हर्षालीला ते रविवार आठवले. दाराच्या भिंगाला डोळा लावून, श्वास धरून ती बाहेरच्या म्हातारीला बघत उभी राहायची. आठव्या वेळी तिने दार उघडलं ते भांडायला. म्हातारीने आधी पाणी मागितलं आणि भांडण ओठातच राहिलं.

“कागदावर काय लिहायचात?”

“‘ब’. ‘न’ लिवलं असतं, तर वर्सभर कोण आलं असतं तुझ्याकडं?”

म्हणजे तिच्या नावावरही सात चुकीची रीडिंग होती. असा कागद तिच्या टेबलावर आला असता तर तिने लाल शेरा मारून परत पाठवला असता. पण कुसाबाईंचा ‘ब’ दार मोकळं राहावं म्हणून लिहिलेला होता. हर्षालीचा ‘ब’ स्वतःचं तोंड दिसू नये म्हणून.

“मी वर जाऊन येते.”

“दोघींनी जायचं असतं,” कुसाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

तीन मजले चढायला त्यांना बराच वेळ लागला. प्रत्येक पायरीला हर्षालीला वाटत होतं, मावशी आता थांबतील, ‘राहू दे’ म्हणतील. त्या काही म्हणाल्या नाहीत. मीटरचा दिवा अजून लुकलुकत होता, आता जरा सावकाश.

तिने बेल दाबली.

आत टीव्हीचा आवाज बंद झाला. पावलं दारापर्यंत आली. दाराच्या भिंगात उजेडाचा एक ठिपका होता, तो विझला. कुणीतरी डोळा लावला होता.

तिथून माणूस कसा दिसतो, ते हर्षालीला पाठ होतं. नाक मोठं, कपाळ वाकडं. बाजूला एक पाऊल सरकलं की आतून काही दिसत नाही, हेही माहीत होतं. ती सरकली नाही. पदराआड लपावं तशी पिशवी छातीशी धरली होती, ती तिने खाली केली.

“सर, मी हर्षाली,” ती दाराला म्हणाली. “ते बेल वाजवणारे... त्यांच्यातलीच मी.”

आत कुणी खोकलं. दार उघडलं नाही. थोड्या वेळाने ठिपका पुन्हा उजळला आणि पावलं आत गेली.

“काय लिवतेस?” कुसाबाईंनी विचारलं. त्यांचा दम अजून खाली बसला नव्हता.

हर्षालीने आधीचा ‘ब’ तसाच ठेवला. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘घरात आहेत. पुन्हा यायचं.’ आणि खाली सही केली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फोन वाजायला लागला. पडद्यावर ‘आई’ होतं. इतक्या लवकर! तिचा अंगठा लाल खुणेकडे गेला, तिथेच थबकला. कुसाबाई कठड्याला धरून दोन पायऱ्या खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर रस्त्याकडे बघू लागल्या.

फोन वाजत राहिला. सहाव्या रिंगला हर्षालीने तो कानाला लावला.

“आई,” ती म्हणाली, “मी आज ओव्हरटाइमला नाहीये.”