शिंप्याचा हात

"दुसरं काय हवं ते कापा, पण हात नको!" शिंपी ओरडला, आणि त्याच्या हनुवटीखाली पाणी हिंदकळलं.

डॉक्टरीणबाई तळघरात त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. भर दुपारी बाजाराची दुमजली इमारत बघता बघता खाली बसली होती. दुकानं, जिने, पाट्या, सगळं एकावर एक. शिंप्याचं दुकान तळघरात. त्याचे कारागीर जेवायला बाहेर पडले होते म्हणून वाचले. तो मात्र मशिनीशेजारी आडवा पडला होता आणि त्याचा उजवा हात मनगटाच्या जरा वर सिमेंटच्या तुळईखाली चेपला गेला होता. त्यात रस्त्याखालचा मोठा नळ फुटलेला. त्याचं पाणी धो धो तळघरात उतरत होतं.

त्या होत्या जनावरांच्या डॉक्टर. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे. अर्धं आयुष्य गाई, शेळ्या आणि कुत्र्यामांजरांत गेलेलं. "माझे पेशंट तक्रार करत नाहीत, फार तर लाथ मारतात," असं त्या हसून सांगायच्या. इमारत कोसळली तेव्हा त्या एका वासराला तपासत होत्या. वासरू तसंच सोडून, बॅग उचलून त्या धावत सुटल्या. ढिगाऱ्यातल्या भगदाडातून आत कशा उतरल्या हे पुढे त्यांना कितीही आठवून सांगता आलं नाही.

भगदाडाच्या तोंडाशी शिंप्याची बायको पालथी पडून आत डोकावत होती. तिच्यामागून शेजारचा औषधवाला ओरडला, "मॅडम, वर या! तुम्ही ढोरांच्या डॉक्टर. माणसाला काही झालं तर सरळ आत टाकतील तुम्हाला!"

"बंब कुठंय?"

"पलीकडच्या चौकात अडकलाय. रस्त्यावर नुसता ढिगारा आहे."

"आणि नळ?"

"प्लंबर चावी फिरवतोय, पण ती जाम आहे!"

डॉक्टरीणबाईंनी तुळईला खांदा लावून पाहिला. ती हलायचं नावच घेईना. त्यांचं काळीज असं उडत होतं की कानात दुसरं काही ऐकू येईना. पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी उसळतही होतं. आपल्याला येतं हे. आत्ता, इथे, आपल्यालाच येतं.

रक्त थांबावं म्हणून त्यांनी त्याच्या दंडाला रबरी नळी आवळली. बधिर करायचं इंजेक्शन दिलं. शिंप्याने ते मुकाट्याने घेतलं, पण बॅगेतून शिंगं कापायची दातेरी तार बाहेर आलेली पाहिली मात्र आणि तो किंचाळला, "नाही! पोट आहे माझं त्या हातावर! नाही म्हणतोय ना!"

"थांबते मी," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत थांबते. पण तुम्ही माझ्याकडे बघत राहा."

पाणी त्याच्या ओठांवर आलं. त्यांनी त्याचं डोकं जितकं वर धरता येईल तितकं धरलं. वरून बायको रडत ओरडली, "कापा हो! मी सांगते, कापा!" पण डॉक्टरीणबाई शिंप्याकडेच बघत होत्या. पाणी त्याच्या तोंडात गेलं. तो ठसकला, गुदमरला, आणि त्याने त्यांच्याकडे पाहत डोळे घट्ट मिटून उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. ते फक्त त्यांनाच दिसलं.

मग त्यांनी वेळ लावला नाही. आता हाताने त्याचं डोकं धरता येणार नव्हतं, म्हणून त्याच्या मानेखाली गुडघा घातला आणि दोन्ही हातांनी तार ओढली. पाणी लाल झालं. तार आरपार गेली आणि तो मोकळा झाला. बगलेत हात घालून त्यांनी त्याला भगदाडाशी ओढत नेलं. वरून पोरींनी, म्हाताऱ्यांनी, त्या औषधवाल्यानेसुद्धा हात खाली सोडले आणि शिंपी वर गेला. "जिवंत आहे! जिवंत आहे!" रस्त्यावर एकच गिल्ला झाला. कुणी डॉक्टरीणबाईंना मिठी मारली, कुणी त्यांचे चिखलाने भरलेले हात धरून नाचवले. त्या एकाच वेळी हसत आणि रडत होत्या.

तेवढ्यात पलीकडून प्लंबर ओरडला, "फिरली! चावी फिरली!"

आणि नळ बंद झाला.

शिंपी इस्पितळातून घरी आला आणि काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंवर खटला उभा राहिला. परवाना नसताना माणसावर शस्त्रक्रिया, रुग्णाची संमती नाही, निष्काळजीपणाने कायमचं अपंगत्व. तक्रार खुद्द शिंप्याची. त्याचा थोरला भाऊ गावभर सांगत सुटला, "जरा धीर धरला असता तर माझ्या भावाचा हात राहिला असता. त्या बाईला कापायची घाई!" निकाल लागेपर्यंत दवाखाना बंद ठेवायचा हुकूमही आला.

डॉक्टरीणबाईंची भाची नुकतीच वकिली करू लागली होती. ती तक्रार वाचून ताडकन उठली.

"मावशी, यासाठीच तर कायदा आहे! आपत्तीत कुणी सद्हेतूने, मोबदला न घेता औषधोपचार केले, तर घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय त्याच्यावर खटला टिकत नाही."

"मग झालं तर."

"नाही ना झालं. ते म्हणणार, तू माणसांची डॉक्टर नाहीस, म्हणून कायदा तुला लागू नाही. आणि सरकारने आपत्ती जाहीर केली संध्याकाळी. तू हात कापलास दुपारी."

"अगं, इमारत पडायची वेळ कुणी मला विचारून ठरवली होती का?"

"हेच! हेच मी कोर्टात म्हणणार!" भाची टेबलावर हात आपटून म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. पण भाची गेल्यावर त्यांना हसू टिकवता आलं नाही. चावी फिरली, हे प्लंबरचे शब्द त्यांना ऐकू यायचे. अजून थोडं थांबले असते तर? याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्या म्हशी, शेळ्या, कुत्री त्यांनी वाचवली होती ती सगळी माणसं येऊन बसली होती. समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "माझ्या अशिलाने 'नाही' म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं."

"तरी तुम्ही कापलंत?"

"शेवटी त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं."

"डोळ्यांनी!" वकील मागे वळून हसले. "आणि ते पाहिलं कुणी?"

"मी."

"फक्त तुम्हीच."

भाचीचा चेहरा उतरला. मग शिंपी साक्षीला उभा राहिला. सदऱ्याची उजवी बाही कोपराखाली मुडपून टाचलेली. भाचीने विचारलं, "तुम्ही डॉक्टरीणबाईंना हो म्हणालात का?"

थोरला भाऊ पहिल्या रांगेतून त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"नाही म्हणालो," शिंपी म्हणाला. कोर्टात कुजबुज उठली. "आधी नाहीच म्हणालो. शिव्यासुद्धा दिल्या. मग पाणी नाकातोंडात गेलं. तेव्हा म्हणालो हो. बोलता येईना म्हणून डोळे मिटले. दोनदा मिटले."

"मग तक्रार का केलीत?" न्यायाधीशबाईंनी स्वतःच विचारलं.

"साहेब, घरी आलो, मशिनीपुढे बसलो आणि कळलं, आता संपलं. हात गेला म्हणजे कुणीतरी तो घेतलाच असणार, असं वाटायचं. तुळईवर कशी तक्रार करणार?" त्याचा आवाज फाटला. "पण डोळे मिटलेच नाहीत असं कसं सांगू? मी मेलो असतो, साहेब."

थोरला भाऊ उठून बाहेर निघून गेला.

न्यायाधीशबाईंनी निकाल त्याच दुपारी दिला. "आपत्ती जाहीर झाली संध्याकाळी," त्या म्हणाल्या, "पण ती आली दुपारी. संरक्षण ती आली तेव्हापासूनच लागू आहे. कायद्यात 'वैद्यकीय ज्ञान असलेली व्यक्ती' असं म्हटलं आहे. ते ज्ञान कोणावर चालवून मिळवलं, हे म्हटलेलं नाही. रक्त थांबवलं, बधिर केलं, नकार होता तोवर थांबल्या. यात निष्काळजीपणा कुठेच नाही. खटला काढून टाकण्यात येत आहे." मग चष्म्यावरून बघत त्यांनी पुस्ती जोडली, "याचा अर्थ उद्यापासून तुम्ही माणसांचा दवाखाना उघडावा असा मात्र नाही."

"नाही हो बाई," डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माणसं फार बोलतात!"

सगळं कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीशबाईही हसल्या. काळ्या कोटातल्या भाचीने मावशीला उचलायचाच प्रयत्न केला. बाहेर पायऱ्यांवर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणी म्हणालं, माझी म्हैस आजच दाखवायला आणतो. कुणी म्हणालं, आधी माझी शेळी. डॉक्टरीणबाईंना कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला. आनंदाने त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात.

गर्दी पांगत आली तेव्हा शिंपी पुढे आला. बायको त्याच्यामागे दोन पावलं उभी.

"बाई, एक विचारायचं होतं. रागावू नका."

"विचारा ना."

"माझा हात... तिकडे तुळईखालीच राहिला होता ना? मग पुढं काय झालं त्याचं? इस्पितळात कुणालाच माहीत नव्हतं. भावाला विचारलं तर म्हणाला, ढिगाऱ्याबरोबर गेला असेल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. दुसऱ्या दिवशी तुळई उचलली तेव्हा मी तिथं उभी होते. मागून घेतला मी तो. धुतला, स्वच्छ कापडात गुंडाळला. दवाखान्याच्या मागं जांभळाचं झाड आहे, तिथं खोल खड्डा करून पुरला. तुम्हाला कसं सांगावं ते कळेना, म्हणून राहिलं."

शिंप्याने मुडपलेली बाही डाव्या हाताने धरली. मग म्हणाला, "दाखवता?"

ती तिघं चालत दवाखान्यामागे गेले. झाडाखालची माती आता आजूबाजूच्या मातीसारखीच दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी बोटाने जागा दाखवली. शिंपी उकिडवा बसला आणि डाव्या हाताने वरची पानं बाजूला करत राहिला.

"पालथा ठेवलात की उताणा?" त्याने विचारलं.

"उताणा."

शिंप्याने मान हलवली. "बरं केलंत. जन्मभर कापडावर पालथाच असायचा," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने पानं पुन्हा त्या जागेवर सारली.