अकराचं भूत

बरोबर अकराला शिलाईच्या हॉलमध्ये भूत यायचं. भूत मोठं शिस्तीचं. रविवारची सुट्टी घ्यायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कुणाच्या वाट्याला जायचं नाही. आधी एक बाई मशीनवर मान टाकायची, मग तिच्या शेजारची, मग ओळीच्या टोकाची. बाकीच्या दोनशेजणी हात जोडून उभ्या राहायच्या आणि भूत उतरवणारे बाबा स्टीलचा जग घेऊन ओळीतून फिरायचे.

"घाबरू नका लेकींनो! हे नुसतं पाणी नाही, माझ्या बारा वर्षांच्या तपाचा अर्क आहे. घशाखाली उतरला की भूत पळालंच!"

आणि खरोखर पळायचं! पेलाभर अर्क पोटात गेला की दहा मिनिटांत बाई उठून बसायची, तोंड पुसायची आणि मशीनला हात लावायची. मॅनेजरसाहेब कोपऱ्यातून मान डोलवायचे. बाबांना त्यांनीच आणलं होतं.

कारखान्याच्या नर्सबाई दारातून हे बघत आणि चरफडत. नाडी बघायला पुढे झाल्या, की बायकाच म्हणत, "बाई, हे तुमच्या औषधातलं नाही."

त्या सोमवारी मात्र बाबांनी काजवालीकडे बोट दाखवलं. काजं करायच्या मशीनवरची ही बाई सगळ्यांत जास्त वेळा पडायची.

"हिनेच ते घरून आणलंय. शनिवारपर्यंत ही इथून गेली पाहिजे."

मॅनेजरसाहेबांनी लगेच मान डोलवली. काजवालीच्या नोकरीवर घर चालत होतं. सहा वर्षं तिच्या डब्याला डबा लावून जेवणाऱ्या मैत्रिणीने गुपचूप आपलं स्टूल लांब सरकवलं. ते नर्सबाईंच्या जिव्हारी लागलं.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर त्या काजवालीच्या मशीनपाशी गेल्या. सकाळी अर्क सांडला होता, तिथे मुंग्यांची रांग लागली होती. बारा वर्षांच्या तपाला मुंग्या! खिडकीत ठेवलेल्या जगात तळाशी घोटभर उरला होता, तो त्यांनी चाखला. गोड मिट्ट.

शनिवारी अकराला काजवाली घामाने डबडबून खाली बसली. बाबा सरसावले. नर्सबाई आडव्या आल्या.

"बाबा, आज माझ्या पेल्यातल्या पाण्यावर मंत्र म्हणा."

"पाणी माझ्याच जगातलं लागतं."

"का हो? तप तुम्ही केलंत की जगाने?"

कुणीतरी फिसकन हसलं. नर्सबाईंनी सगळ्यांदेखत नळाच्या पाण्यात साखर ढवळली आणि ते काजवालीला घोट घोट पाजलं. मंत्र नाही, फुंकर नाही. दहा मिनिटांत ती सावरली. मग त्यांनी बाबांचा जग ओळीतून फिरवला. चाखणाऱ्या एकेकीचा चेहरा उतरत गेला.

"घरातल्या सगळ्यांचे डबे भरून कोण कोण आलंय? हात वर करा."

सगळे हात वर गेले.

"आणि स्वतः खाऊन?"

सगळे हात खाली आले.

"रात्री उरलंसुरलं खायचं, पहाटे नुसत्या चहावर निघायचं आणि सातपासून या कोंदट हॉलमध्ये राबायचं. मग हातपाय थरथरणार नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी येणार नाही, तर काय होणार? हे भूत नाही, बायांनो, उपाशी पोट आहे. सकाळी खाऊन निघा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचा जग तपासा!"

बाबांनी तोवर मागच्या दाराने पळ काढला होता.

"बाबांच्या जगातली साखर आपल्याच कॅन्टीनची होती ना, साहेब?" नर्सबाईंनी विचारलं.

"असेल. उठत होत्या ना बायका?" मॅनेजरसाहेब शांतपणे म्हणाले. "वर्षभर नाश्त्याची सुट्टी मागतायत. सगळं काम पंधरा मिनिटं बंद ठेवू? बाबांचं दहा मिनिटांत व्हायचं."

काजवालीची नोकरी टिकली. मैत्रिणीने स्टूल परत जवळ आणलं, पण बोलणं काही पूर्वीसारखं होईना. आणि सोमवारी अकराला काजवाली पुन्हा पडली.

"एवढं घसा फोडून सांगितलं, तरी उपाशीच आलीस?" नर्सबाई संतापल्या.

"खायला बसले होते, बाई. सासूबाई म्हणाल्या, पुरुषांच्या आधी ताट घेतेस? भूतबीत शिरलंय का तुझ्या अंगात?"

"आण त्यांना माझ्याकडे. विचारते, त्या स्वतः सकाळी काय खातात ते."

काजवालीने पेला खाली ठेवला.

"त्या कुठे खातात, बाई?"