सोनं ऐकणारं यंत्र आणि पाहुण्याचे बूट

शनिवारी दुपारी, बार्ली कापून रिकाम्या झालेल्या शेतात तीस माणसं अशी उभी होती, की जणू साक्षात देवच बांधावरून उतरतोय आणि त्याच्या चहात साखर किती घालायची एवढंच ठरायचं राहिलंय.

देव नव्हता. कॉलिन प्राइडी होता, व्हॅन घेऊन आलेला यंत्रविक्या. क्रेकली हे इंग्लंडच्या नॉरफोकमधलं छोटं गाव, आणि ही माणसं तिथल्या धातुशोधक मंडळाची. नांगरटीनंतर शेतात धातूजवळ वाजणारं यंत्र फिरवायचं, जुनी नाणी आणि बटणं उकरायची, खड्डा बुजवून घरी जायचं, हा त्यांचा छंद. प्राइडीनं त्यांच्यापुढे दोन यंत्रं मांडली होती: ‘डिगवेल पाच’ आणि ‘डिगवेल पाच गोल्ड’. दांडा तोच, खालची गोल थाळी तीच. गोल्डच्या मुठीवर सोनेरी पट्टी आणि किंमत मात्र चौपट.

त्यानं एक सोन्याचं नाणं मातीखाली दाबलं. साधं यंत्र घेऊन तो त्याच्या आजूबाजूला फिरला. खर्र, टर्र, खर्र! नाण्याचा सूर त्या कलकलाटात कुठं बुडाला कळलंही नाही. मग गोल्ड घेतलं. शांत. हात लांब केला, आणि घंटेसारखा एकच स्वच्छ सूर. गर्दीतून असा सुस्कारा निघाला, की शेजारच्या गाईनं मान वर केली.

प्राइडीनं आवाज खाली आणला. “साधं यंत्र धातू ऐकतं. गोल्ड सोन्याचं मन ऐकतं. प्रभूनं मातीत जे ठेवलंय, ते श्रद्धेच्या हातालाच देतं.”

एनिड थर्टलला हे ऐकायला गोडच वाटलं, हे कबूल करायला हवं. ती मंडळाची चिटणीस, आणि तीस वर्षं गावच्या प्रार्थनाघरात ऑर्गन वाजवणारी. प्रवचन करता करता मध्येच गाऊ लागणारा उपदेशक आला, की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. प्राइडीचा गळा त्याच घराण्यातला होता. तोही रविवारी प्रवचनाला उभा राहिला असता, तर दानाच्या ताटात नाणी कमी पडली नसती.

एवढ्यात रेग बन्टिंग पुढे आला. रेग एनिडचा शेजारी. बेचाळीस वर्षांपूर्वी याच शेतात बीट खुरपताना त्याच्या बायकोची, डॉटची, लग्नाची अंगठी पडली. डॉट दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तेव्हापासून रेग जुनं यंत्र घेऊन इथं फिरतो, आणि त्याला फक्त बाटल्यांची झाकणं सापडतात. त्यानं प्राइडीला हळूच विचारलं, पैशांऐवजी होडी चालेल का. डॉट आणि तो सगळे उन्हाळे ज्या होडीत काढायचे, तीच. प्राइडी म्हणाला, चालेल की, तो माणसं बघून धंदा करतो.

एनिड पुढे झाली. दुःखात असलेल्या माणसाला ‘नको’ म्हणून काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं फक्त एवढंच मागितलं, की तिला पुन्हा एकदा दोन्ही यंत्रं ऐकायची आहेत. प्राइडी खूष झाला. एनिडनं डोळे मिटले.

साधं यंत्र खरखरत होतं, पण वाटेल तेव्हा नाही. एक पाऊल, दुसरं पाऊल, खर्र. एक, दुसरं, खर्र. यंत्र बिघडलेलं असतं तर ते बेताल बोललं असतं; हे तर तालात होतं. मग गोल्डची पाळी आली आणि पावलांचा आवाज थांबला. तिनं डोळे उघडले. गोल्ड हाती घेतल्यावर प्राइडी चालत नव्हता. पाय जुळवून, थाळी दूर धरून उभा होता.

मग तिनं खाली पाहिलं. चिखलानं माखलेले जाडजूड बूट.

मंडळाचा पहिला नियम असा, की पुढच्या टोकाला पोलाद असलेले बूट घालून शेतात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर यंत्र आपलेच पाय शोधत बसतं. नव्या सभासदाला यावरून घरी परत पाठवलेलं आहे. पण प्राइडी पडला पाहुणा, आणि क्रेकलीत पाहुण्याच्या पायांबद्दल विचारणं म्हणजे असभ्यपणाचा कळस.

“मिस्टर प्राइडी, जरा बूट काढता?”

“का हो बाई, गालिचा अंथरलाय?”

“बोटांपुढे पोलाद आहे का, तेवढं बघायचंय.”

तो हसला, पण बूट काही काढेना. एनिडनं साधं यंत्र उचलून त्याच्या बुटाजवळ नेलं. खर्र. रेगच्या रबरी बुटाजवळ नेलं. शांत. मग गोल्ड प्राइडीच्या बुटाजवळ. खर्र.

“अरे वा,” मागून कोणीतरी म्हणालं, “याच्या अंगठ्यात सोनं आहे.”

प्राइडीनं आता नवा मुद्दा काढला, की शंकेखोर माणूस जवळ असला की गोल्डच्या लहरी बिथरतात.

“क्रुसावरून उठलेल्या प्रभूनं शंका घेणाऱ्या शिष्यालासुद्धा स्वतःच्या जखमेत बोट घालून बघू दिलं,” एनिड म्हणाली. “तुमचं यंत्र त्याच्याहून नाजूक आहे का?”

शेताच्या मालकिणीनं चहाच्या टेबलावरची दोन फडकी आणली. दोन्ही यंत्रांच्या मुठी गुंडाळल्या, कोणतं कोणतं हे कोणालाच दिसेना. आठ कुंड्या पालथ्या घातल्या आणि एकीखाली मालकिणीनं स्वतःची अंगठी ठेवली. रेग रबरी बुटांत, दोन्ही यंत्रं आळीपाळीनं घेऊन फिरला. दहा वेळा कुंडी बदलली. दहाही वेळा दोन्ही यंत्रांनी बरोबर तीच कुंडी दाखवली, आणि एनिडच्या कानाला दोन्हींचा सूर तसूभरही वेगळा लागला नाही. गोल्ड कोणतं ते सांग म्हटल्यावर रेगनं साध्यावर बोट ठेवलं.

फडकी सोडली. एनिडनं नखानं सोनेरी पट्टी उचकटली. खाली तोच करडा रंग, तोच ‘पाच’.

प्राइडीला तेव्हा आठवलं, की त्याला दुसऱ्या गावी पोचायचंय. जाताना कोणी शिवी दिली नाही. मालकिणीनं तर वाटेसाठी केकचा तुकडाही दिला, पण कागदात न गुंडाळता; क्रेकलीत राग दाखवायची हीच रीत.

रेग यंत्र हातात धरून तसाच उभा होता. “म्हणजे अंगठी मिळणार नाही.”

“मिळेल असं मी म्हणत नाही,” एनिड म्हणाली. “बेचाळीस नांगरटी झाल्यात, रेग. पण दोरी बांधून एकेक पट्टा तपासू, तपासलेला वहीत लिहू. तुझं जुनं यंत्र पुरेल. होडी राहू दे पाण्यात.”

रेगनं मान हलवली आणि खुंट्या आणायला गेला.

श्रद्धा ठेवा, बाबांनो. पोटभर गा, प्रवचनात रडा. पण कोणी श्रद्धेच्या नावावर वस्तू विकायला आला, तर त्याला शांतपणे पाय दाखवायला सांगा, दोन्ही वस्तू स्वतःच्या हातानं तोलून बघा. फडकं बांधायचंच असेल तर यंत्राला बांधा. स्वतःच्या डोळ्यांना नको.